तळपायावरचा काळा डाग आणि कातडीचा कॅन्सर

आमचं मेडिकल आहे, इंदूरला, आणि काउंटरवर उभं राहून मला आता बावीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत कॉर्न कॅप किती विकल्या असतील देव जाणे. कोणी येतं, म्हणतं ताई तळपायाला भोवरी झालीये, चालताना खुपते, मी मागच्या ड्रॉवरमधून पाकीट काढते, कसं लावायचं ते सांगते, पैसे घेते, झालं. अशीच तीन पाकिटं मी माझ्या सख्ख्या आत्याला दिली, आठ महिन्यांत तीन, आणि एकदाही म्हटलं नाही की आत्या, पाय दाखव बघू.

मग तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस खाली वाकायचं नाही म्हणून सांगितलं. रामबागेत तिच्या घराला जुना ओटला आहे, सकाळचं ऊन छान येतं, तिथे तिला बसवलं आणि नखं कापायला तिचा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या आतल्या बाजूला डाग होता. हरभऱ्यापेक्षा जरा मोठा, एका बाजूला काळाकुट्ट आणि दुसऱ्या बाजूला फिक्कट तपकिरी, कड कशी तर ओल्या कागदावर शाईचा थेंब पडला की फुटत जातो तशी, आणि मधोमध माझ्याच कॉर्न कॅपच्या औषधाने पांढरी पडून सुटलेली साल. म्हटलं आत्या हे काय? तर म्हणाली, अगं तीच ती भोवरी, दुखत नाही आता. दुखत नाही याचं तिला बरं वाटत होतं. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण भोवरी दाबली की दुखते, पिवळसर टणक असते, अशी दोन रंगांची नसते. घरातली शाळेची पट्टी आणून लावून बघितली, ११ मिमी भरली.

तो मेलॅनोमा निघाला. म्हणजे कातडीचा कॅन्सर. आता ती बरी आहे, ते पुढे सांगतेच, पण त्या चार-पाच महिन्यांत मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं, ते लिहावंसं वाटलं, कारण कातडीचा कॅन्सर म्हटलं की मोबाईलवर जे काय दिसतं ते सगळं गोऱ्या लोकांचं असतं, समुद्रावर उन्हात लोळणारे, पाठीवर तीळ असलेले. ते वाचून आपण म्हणतो हा आपला आजार नाही. आजार आपलाही आहे, फक्त तो आपल्यात दुसऱ्या जागी होतो.

आधी कातडी कशी असते ते बघू. वरचा जो थर आहे ना, ज्याला एपिडर्मिस म्हणतात, तो अगदी पातळ असतो, पापणीवर तर कागदासारखा, तळपायाला मात्र दीड मिमीपर्यंत जाड. या थराच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात आणि वर वर सरकत साधारण चार आठवड्यांत गळून जातात, आंघोळीला अंग घासताना जो मळ निघतो त्यात याच मेलेल्या पेशी असतात. म्हणजे कातडी आयुष्यभर नवी होत राहते, आणि जिथे पेशींची फूट सतत चालू असते तिथे कधीतरी नक्कल करताना चूक व्हायचा धोका असतोच. त्याच तळाच्या ओळीत मधे मधे मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात, त्या मेलॅनिन हा रंग बनवून शेजारच्या पेशींना वाटतात. आणि तो रंग पेशीत कुठे जाऊन बसतो माहितीये? बरोबर केंद्रकाच्या वर, छत्री धरावी तसा. उन्हातले अतिनील किरण केंद्रकातल्या डीएनएला इजा करतात, ती होऊ नये म्हणून. गोऱ्या आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक आहे तो रंग किती बनतो, कुठल्या प्रकारचा बनतो याचा. आपली छत्री दाट आहे. म्हणून ऑस्ट्रेलियात जिथे ७० वर्षांच्या वयापर्यंत दर तिघांतल्या दोघांना कसला ना कसला कातडीचा कॅन्सर होतो, तिथे भारतात एकूण कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा १ टक्क्याहून कमी आहे. मुलीला सावळी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पण कमी होतो म्हणून आपल्याकडे तो उशिरा सापडतो. डॉक्टरांच्या, दुकानदारांच्या, घरच्यांच्या, कोणाच्याच डोक्यात येत नाही.

मुख्य प्रकार तीन. पहिला बेसल सेल कार्सिनोमा, हा त्या तळाच्या पेशींसारख्या पेशींचा. बहुतेक वेळा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यात, खालच्या पापणीवर. मोत्यासारखी चकाकणारी बारीक पुटकुळी, आपल्यात बऱ्याचदा काळसर असते म्हणून तीळच वाटते, मग मधे खड्डा पडतो, खपली धरते, खपली पडते, थोडं रक्त येतं, परत खपली धरते, आणि वर्षानुवर्षं हेच. हा फार हळू वाढतो आणि शरीरात दुसरीकडे जवळजवळ कधीच पसरत नाही, पण जागच्या जागी कुरतडत जातो, नाकाची कूर्चा, पापणी, काहीही, म्हणून पूर्वी याला उंदराने खाल्लेल्या जखमेचं नाव होतं. जीव सहसा जात नाही पण चेहरा जातो.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, आणि आपल्या लोकांनी याच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं असं माझं मत आहे. गोऱ्या लोकांत हा उन्हाने होतो, कपाळ, कानाची पाळी, हाताची मागची बाजू. सावळ्या कातडीत मात्र तो पुष्कळदा जुन्या जखमांवर होतो. लहानपणी स्टोव्ह भडकून भाजलेलं, कातडी आवळून आलेली, तो व्रण कधी नीट भरलाच नाही, दर उन्हाळ्यात फुटतो, लस येते, मलम लावतात, परत भरतो. असं वीस-तीस वर्षं चाललं की त्या जागेच्या पेशी सतत दुरुस्ती करत करत कधीतरी ताब्याबाहेर जातात. याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात, १८२८ साली त्या नावाच्या फ्रेंच सर्जनने अशा जखमांचं वर्णन केलं होतं. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात, त्याने पोटावर आणि मांड्यांवर होणारा कॅन्सर तर कांगडी कॅन्सर म्हणूनच ओळखला जातो. कुठे दूरचं वाटतंय का? मग आपल्या कमरेकडे या.

नऊवारी किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी गच्च आवळून बांधली की तिथे आधी पांढरट पट्टा पडतो, मग कातडी काळी खरखरीत होते, उन्हाळ्यात घामाने सोलवटते, खाज येते, बारीक जखम होते. धोतरवाल्यांनाही होतं. भारतातल्या डॉक्टरांनी याला धोती कॅन्सर, साडी कॅन्सर अशी नावं दिलेली आहेत. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकीकत एका ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली, त्यातल्या एकीने चाळीस वर्षं लुगडं नेसलं होतं, आणि दाखवायला आली तोवर जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलं होतं. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, तिच्या कमरेला तो पट्टा होता, आम्ही पोरी आंघोळीला पाठ चोळून द्यायचो तेव्हा दिसायचा, आणि ती म्हणायची बायकांच्या कमरेला असायचंच हे. तिला काही झालं नाही. पण असायचंच नसतं ते.

उपाय इतका साधा आहे की सांगताना मलाच कसंतरी होतं. नाडीच्या जागी रुंद पट्टा नाहीतर इलास्टिक लावा, बांधायची जागा रोज थोडी वर-खाली करा, घरी आल्यावर सैल करा, जखम असेल तर ती भरेपर्यंत गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घाला, आणि भरतच नसेल तर दाखवा. सासूबाईंना, आईला हे सांगताना लाजू नका, आणि त्यांनी "लाज वाटते दाखवायला" म्हटलं तर बाई डॉक्टर शोधा, पण दाखवा.

याच प्रकारात अजून एक कारण पाण्यातलं आर्सेनिक. बंगाल-बिहारच्या काही भागात हातपंपाच्या पाण्यातून ते वर्षानुवर्षं पोटात गेलं, लोकांच्या तळहातांवर-तळपायांवर खरखरीत कण आले, अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे डाग आले आणि त्यातून काहींना कॅन्सर झाला. काजळीचं तर फार जुनं, १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या अंडकोषाच्या कातडीवरच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी लावला, कामाधंद्यामुळे कॅन्सर होतो हे तेव्हा पहिल्यांदा कोणी दाखवून दिलं.

तिसरा मेलॅनोमा, रंग बनवणाऱ्या पेशींचा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात वाईट, कारण हा आतल्या थरात उतरला की रसवाहिन्यांतून आणि रक्तातून लवकर पळतो. आपल्यात हा पाठीवरच्या तिळात नाही तर तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त होतो, आणि त्या जागी त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली आठवतो? सावळा माणूस, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा, आधी वाटलं फुटबॉल खेळताना लागलं, १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

नखांबद्दल जरा नीट सांगते कारण लोक घाबरून येतात. आपल्या लोकांत बऱ्याच नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेघा असतात, वयाबरोबर वाढतात, त्यात काही नाही. पण मोठ्या माणसाच्या एकाच नखावर नवीन काळी रेघ उमटली, ती रुंद होत चालली, आणि मुख्य म्हणजे काळेपणा नखाबाहेर आजूबाजूच्या कातडीवर सांडलाय असं दिसलं, तर वाट बघू नका. दरवाज्यात बोट चेंगरून नखाखाली रक्त साकळलं असेल तर ते नख वाढेल तसं पुढे सरकतं, मागून कोरं नख येतं. नुसती रेघ मात्र मुळापासून येतच राहते.

तिळांचं म्हणाल तर डॉक्टर पाच गोष्टी बघतात. तिळाचे मधून दोन भाग कल्पून बघितले तर सारखे आहेत का, कड गुळगुळीत आहे का वेडीवाकडी, रंग एक आहे का तीन-चार, ६ मिमीपेक्षा मोठा आहे का, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकाएवढा, आणि बदलतोय का. पाचवी सगळ्यात महत्त्वाची. जन्मापासून आहे तसाच आहे तो तीळ तुमचा आहे, राहू द्या त्याला. गेल्या सहा महिन्यांत वाढला, खाजतो, रक्त येतं, तो दाखवायचा. आणि तळपायावरचं काहीही जे भोवरी, चामखीळ, डायबिटीसची जखम समजून दोन महिने औषध चाललंय आणि हलत नाहीये, तेही दाखवायचं. डायबिटीसवाल्यांनी तर जास्तच, कारण त्यांची प्रत्येक जखम साखरेच्या खात्यावर टाकली जाते.

काउंटरवरून दिसणाऱ्या दोन गोष्टींचा मला फार राग येतो. एक म्हणजे ती तीन-चार औषधं एकत्र घातलेली स्टेरॉइडची ट्यूब, जी लोक गजकर्णापासून वांगापर्यंत सगळ्याला लावतात. तिने लाली आणि खाज दबते, डाग बरा झाल्यासारखा दिसतो, आणि खाली जे चाललंय ते चालू राहतं. आत्यालाही एका डॉक्टरांनी चप्पल न काढायला लावता अशीच एक लिहून दिली होती. दुसरं म्हणजे तीळ-चामखीळ जाळून टाकणं. कोणी चुना-सोडा लावतं, कोणी घोड्याचा केस बांधतं, कोणी पार्लरमध्ये मशीनने जाळून घेतं लग्नाच्या आधी. अहो, जाळलेल्या तिळाचा तुकडा तपासायला राहतच नाही. वरचं गेलं, मुळाशी राहिलं, आणि वर व्रण आला की पुढे काही दिसतही नाही.

आता तुकडा काढायची भीती. "लोखंड लागलं की पसरतो" हे मी आत्याच्या तोंडून ऐकलं, तिच्या दिराच्या तोंडून ऐकलं, आणि शिकलेल्या भाच्याच्या तोंडूनही ऐकलं. असं होत नाही. लोक शेवटच्या टप्प्यात तुकडा काढायला येतात, मग तब्येत बिघडते, आणि दोष सुईला जातो. डॉक्टरांनी आधी डर्माटोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग लावून बघितलं. तळव्याला बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात ना, साध्या तिळात रंग त्या रेषांच्या खाचेत बसतो, मेलॅनोमात उंचवट्यावर. भिंगातून मलाही दाखवलं, काळा रंग उंचवट्यावरून ओघळत गेलेला. मग जागा बधिर करून तुकडा घेतला, दहा-पंधरा मिनिटं, आणि आत्या रिक्षातून घरी आली.

रिपोर्टमध्ये एक आकडा असतो, तो शोधायचा. ब्रेस्लो थिकनेस. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने सांगितलं की मेलॅनोमा किती रुंद आहे यापेक्षा किती खोल उतरलाय ते बघा, आणि आजही सगळं त्यावरच ठरतं. १ मिमीच्या आत असेल तर शंभरातले नव्वदहून जास्त लोक पाच वर्षांनीही चांगले असतात. ४ मिमीच्या पुढे गेला की गोष्ट अवघड. म्हणजे जगणं-मरणं दोन-तीन मिलिमीटरच्या फरकावर असतं, आणि तो फरक पडतो अंगावर काढलेल्या महिन्यांमुळे. आत्याचा आकडा १.४ आला. त्या आठ महिन्यांपूर्वी किती असता हा विचार मी अजून करते.

उपचार बहुतेक वेळा ऑपरेशनच. बेसल सेलला भोवतालची चार-पाच मिमी चांगली कातडी घेऊन काढतात, मेलॅनोमाला एक ते दोन सेंटीमीटर. नाक-पापणीसारख्या जागी मोह्झ नावाची पद्धत काही ठिकाणी करतात, थर काढायचा, लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचा, कड स्वच्छ आली की थांबायचं. मेलॅनोमा नसेल आणि अगदी वरवरचं असेल तर क्रीम किंवा थंड नायट्रोजननेही भागतं, ऑपरेशन झेपत नसेल तर रेडिएशन.

आत्याच्या टाचेतून मोठा तुकडा काढला, तिथे मांडीची कातडी लावली. त्याच वेळी डागाशेजारी निळं औषध टोचून जांघेतली पहिली गाठ शोधली, जिथे पेशी पळाल्या तर आधी पोचतील ती, आणि ती तपासली. आपण म्हणतो ना पायाला काही झालं की जांघेत अवधाण येतं, तोच रस्ता हा. दुसऱ्या दिवशी तिची लघवी हिरवट झाली आणि ती एवढी घाबरली की मला पहाटे फोन, मला कोणी सांगितलंच नव्हतं की ते निळं औषध असं बाहेर पडतं. गाठ स्वच्छ निघाली. सहा आठवडे टाच टेकवायची नव्हती. आता मऊ चप्पल घालून देवळात जाऊन येते.

गाठीपर्यंत किंवा फुफ्फुसापर्यंत गेलेल्या मेलॅनोमाला पूर्वी जवळजवळ काहीच उपाय नव्हता. आता इम्युनोथेरपी आहे. आपल्या पांढऱ्या पेशींना एक ब्रेक असतो, म्हणजे त्यांनी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून, आणि कॅन्सर तो ब्रेक दाबून धरतो. ही औषधं ब्रेक सोडवतात. याच शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. सगळ्यांना लागू पडत नाही आणि महाग फार आहे, हेही खरं. पैशाचा प्रश्न असेल तर आयुष्मान कार्डात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ७० च्या पुढच्यांना उत्पन्न न बघता मिळतं, आणि नुसतं दाखवायचं असेल तर एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, ओपीडीत चिठ्ठी काढा, त्वचारोग विभागात जा, रांग असते पण काम होतं.

आता ऊन. कर्कवृत्त आपल्या थोडं उत्तरेला, उज्जैनजवळच्या डोंगल्यावरून जातं, म्हणजे सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, एप्रिल-मेमध्ये इथला यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरण किती कडक आहेत तो आकडा, ११ च्या पुढे जातो. तरी सावळ्या माणसाने कॅन्सरच्या भीतीने रोज महागडं सनस्क्रीन लावावंच असं मी म्हणणार नाही, मी विकते तरी. वांगासाठी, काळवंडण्यासाठी लावा, एसपीएफ ३० पुरे, तो ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, अडवतो आणि ५० वाला ९८, त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे नका घालवू. आपल्या पोरी ॲक्टिव्हावर ओढणीने तोंड गच्च बांधून फिरतात तेही चांगलंच. पण काही लोकांना उन्हापासून खरंच जपायला हवं: जन्मतः रंगच नसलेली मुलं, ज्यांना आपल्याकडे कोणी नीट सांगतच नाही, त्यांना लहानपणापासून टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन हे चष्म्याइतकं गरजेचं आहे. आणि किडनी बदललेले लोक, कारण नवी किडनी टिकावी म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते आणि कातडीच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पट वाढतो, त्यांनी वर्षातून एकदा कातडी दाखवायची. कोड असलेल्यांनी मात्र डागांना कॅन्सर समजून झुरू नये, कोडाचा डाग कॅन्सर होत नाही, फक्त तो उन्हात पटकन भाजतो म्हणून झाकायचा.

आत्याला आता दर तीन महिन्यांनी बोलावतात, टाच बघतात, जांघ चाचपतात, बाकीचं अंगही डोक्यापासून नखापर्यंत बघतात. मधल्या काळात महिन्यातून एकदा मी जाते, ओटल्यावर ऊन असताना, दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, वीस नखं, कमरेचा पट्टा, आणि मोबाईलमध्ये पट्टी शेजारी धरून फोटो काढते म्हणजे मागच्या महिन्याशी ताडून बघता येतं. आणि दुकानात कोणी कॉर्न कॅप मागितली की मी आधी स्टूल पुढे करते, म्हणते भैया, चप्पल काढा, पाय दाखवा. बहुतेकांची भोवरीच असते, ते पाकीट घेऊन जातात. दिवाळीनंतर आतापर्यंत दोघांना मात्र पाकीट न देता डॉक्टरकडे पाठवलं, त्यातल्या एकाला रक्त साकळलेलं निघालं. दुसऱ्या काकूंचा रिपोर्ट सोमवारी येणार आहे.